गाडी : बंद. हे : फरक नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

भीमराज इलेक्ट्रिशियनने सांगितलं, वही करा. रोज गाडी सुरू करून बघायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. डॉक्टरांनीही वही करायला सांगितलंय, फक्त त्यांना गाडीची नाही, ह्यांची नोंद हवी आहे. दोन वह्या कोण सांभाळणार? एकीतच दोन्ही लिहिते. बालवाडीत वीस वर्षं हजेरी मांडली, हात बसलेला आहे.

गाडी : लाल, दोन दारांची, दोनच सीटची, जमिनीला पोट घासत चालणारी. जुनी घेतलेली.

मालक : दौलतराव, माझे यजमान. वय बासष्ट, राहणार चिखली. कंपनीच्या पेंट शॉपला तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या. मग शेताच्या जागेवर शेड बांधल्या, त्या भाड्याने गेल्या, आणि या फेब्रुवारीत ही गाडी दारात आली. गावाने तोंडावर पेढे खाल्ले आणि पाठ फिरल्यावर म्हातारचळ म्हटलं. मी तोंडावरच म्हटलं.

१९ मेला सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. मेंदूच्या देठात गुठळी. तेव्हापासून मानेखालचं सगळं बंद, वाचा बंद. डोळे उघडे असतात पण कुठे बघत नाहीत. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो. तो आपोआप हलतो, त्याचा अर्थ काढू नका, असं डॉक्टर म्हणाले.

ओळखीचा आवाज रोज दहा मिनिटं ऐकवा, असंही तेच म्हणाले. माझा आवाज छत्तीस वर्षं ऐकतायत, त्याने काही होईना. मुलगा शेखर म्हणाला, गाडीचा ऐकव. पण गाडीही मेपासून कव्हरखाली, बॅटरी केव्हाच मेलेली. आज भीमराजने बॅटरी चार्ज करून बसवली. चावी नुसती जवळ ठेवायची, ब्रेकवर पाय, बटण दाबायचं, एवढंच मला शिकवलं. केवढ्यांदा दचकले मी.

ह्यांची कॉट पुढच्या खोलीत खिडकीला लावलीय, गाडी खिडकीबाहेरच. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून आत येऊन बघितलं. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नव्हती. रिकाम्या हातावर अंगठा तेवढा हलत होता.

गाडी : चालू. हे : फरक नाही.

मग चावी परत त्यांच्या हातात दिली. हे का, ते भीमराजनेही विचारलं. जूनमध्ये दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वन्संनी उशाशी विळा ठेवायला सांगितला, आजाऱ्याजवळ लोखंड असावं म्हणून. शेखर म्हणाला, विळा कुठे लागला-बिगला तर काय कराल? मग मी गाडीची चावी त्यांच्या डाव्या मुठीत दिली. आत लोखंड असतंच की. वन्संचं समाधान झालं, शेखरचंही झालं. माझं व्हायचं काही नव्हतंच.


मंगळवार, ५ ऑगस्ट

गाडी : चालू. हे : फरक नाही.

दुपारी अंग पुसताना त्यांना सांगत होते, मागच्या शेडवाल्याने पुन्हा रस्त्यात पत्रे टाकलेत, गणराज दूधवाला पडता पडता वाचला. खिडकीशी टक झालं. पाल असेल. श्रावणात फार झाल्यात.


बुधवार, ६ ऑगस्ट

गाडी : बंद. बटण दाबलं की नुसतं कटकट करते आणि दिवे मावळतात. हे : फरक नाही.

भीमराजला फोन केला. तो मूळचा लातूरकडचा, कंपनीत वायरिंगला होता, आता चिखलीत स्वतःचं छोटं दुकान आहे. म्हणाला, "ताई, गाडीत कुठंतरी करंट खायलंय. गाडी बंद असली तरी आतलं कायतरी जागं ऱ्हायलंय. कोण जागं हाय ते शोधावं लागंल."


गुरुवार, ७ ऑगस्ट

दोन तास भीमराज बॉनेटमध्ये वाकलेला. त्याची रीत मला आवडली. बॅटरीला मीटर लावतो, एकेक फ्यूज काढतो, काटा पडतो का बघतो, परत बसवतो, पुढचा काढतो. घाई नाही, चिडचिड नाही. ह्यांच्या हातातली चावी मी त्याला नेऊन दिली होती, ती त्याच्या खिशात. शेवटी म्हणाला, "कुठंच खाईना. मला तर गाडी झोपल्यावानी दिसायली." बॅटरीच म्हातारी झाली असेल म्हणून नवीन बसवली.

गाडी : चालू. हे : फरक नाही.

शेखर संध्याकाळी थेरगावहून आला. तळेगावला एक केअर सेंटर आहे, एक सप्टेंबरपासून खाट रिकामी होते. तो म्हणाला, "आई, अण्णांना थोडं जरी समजत असेल ना, तर मीच त्यांना हलवू देणार नाही. पण समजतच नसेल तर तू स्वतःला कशाला संपवतेस?" मुलगा वाईट बोलला नाही. दर दोन तासांनी कूस बदलून बदलून माझ्या मनगटाला सूज आलीय, ती त्याने बघितली.

महिनाअखेर डॉक्टर ही वही बघतील आणि मत देतील. तोवर लिहायचं.


शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण गोजाबाई, महाळुंग्याहून दोन बस बदलून आल्या. पंच्याहत्तरीची बाई, हातात पिशवी, पिशवीत नारळीभात. भात कोण खाणार? ह्यांना नाकातल्या नळीने पातळ देते. वन्संनी तरी चमच्याच्या टोकाने ओठाला लावला आणि राखी डाव्या मनगटावर बांधली. मुठीत चावी बघून मान डोलावली.

"माजा दौल्या उठनार हाय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय. ह्यो समदं ऐकतोय."

खिडकीशी टक झालं.

"बग! पाल बोलली! खरं हाय त्ये!" वन्संनी जमिनीवर तीनदा बोट आपटलं आणि रडायला लागल्या. मी शेजारी उभी. मला पाणी आणायचं सुचलं, रडायचं नाही. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुमन, तुला रडू बी येत न्हाई का गं?"

येत नाही. इंजेक्शन दिल्यावर दाढ असते ना, तसं आहे. दात माझाच, पण माझा नाही.

गाडी : चालू. हे : फरक नाही.


सोमवार, ११ ऑगस्ट

गाडी : बंद. नवी बॅटरी चार रात्रींत खलास.

काल शेखरबरोबर तळेगावचं सेंटर बघून आले. स्वच्छ आहे. खाटांच्या दोन रांगा आहेत. रंभा नावाची नर्स फार प्रेमाने बोलते, सगळ्यांशी सारख्याच प्रेमाने. भिंतीचा रंग फिका निळा. ह्यांना ओळखते, इथे पहिल्या दिवशीच म्हणाले असते, प्राइमर नीट मारला नाही.

आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. सांगायला काय जातं. तेव्हा पालही गप्प होती.


मंगळवार, १२ ऑगस्ट

भीमराज आला. चावी घेतली, चार्ज केली, मीटर लावला, काही सापडलं नाही. आता हा माणूस हट्टाला पेटलाय. म्हणतो, "ताई, बावीस वर्षं हेच केलाव. म्या आलो की बरी, म्या गेलो की बिमार. सासरवासनीवानी करायली गाडी." मला हसू आलं असावं, कारण त्याने वर बघितलं.

गाडीचं कव्हर दोन्ही आरशांपाशी फाटलंय. उंदीर असतील. दोन्ही बाजूंना एकाच जागी कुरतडायला शिस्तीचे उंदीर म्हणायचे.

गाडी : चालू. हे : फरक नाही.


बुधवार, १३ ऑगस्ट

हे लिहू की नको, असं झालंय. पण हजेरीत खोटं मांडायची मला सवय नाही.

सकाळी तिसऱ्यांदा चादर बदलत होते. पाठीत उसण भरली. त्यांना एका कुशीवर धरून ठेवलेलं, खालची चादर निघेना, वरची जाईना. मी त्यांच्या कानाशीच होते. म्हटलं, "त्याच दिवशी गेला असतात तर दोघंही सुटलो असतो."

आवाज चढवून नाही म्हटलं. भाजी संपली म्हणावं तसं म्हटलं.

खिडकीशी टक झालं. पालीलाही पटलं.

मग चादर ओढून घेतली, कोपरे खोचले, चावी कुशीखाली गेली होती ती मुठीत परत दिली. वाईट वाटेल म्हणून वाट बघत बसले. नाही वाटलं.

गाडी : चालू. हे : फरक नाही.


गुरुवार, १४ ऑगस्ट

गाडी : चालू, पण कण्हत. हे : फरक नाही.


शुक्रवार, १५ ऑगस्ट

गाडी : बंद. हे : फरक नाही.


मंगळवार, १९ ऑगस्ट

रविवारी ह्यांना ताप भरला. ॲम्ब्युलन्सने दवाखान्यात आणलं, लघवीचं इन्फेक्शन. मूठ आणि चावी तशीच बरोबर आली. नर्सने विचारलं, हे काय? मी म्हटलं, लोखंड. तिने पुढे काही विचारलं नाही, तीही गावाकडचीच असणार.

भीमराजने शनिवारी गाडी चार्ज करून ठेवली होती. तो म्हणाला, दारात जाऊन रोज बाहेरूनच बॅटरी मोजतो. तीन दिवस झाले, बॅटरी जशीच्या तशी.


गुरुवार, २१ ऑगस्ट

काल संध्याकाळी घरी आलो. गाडी पहिल्या दमात चालू. हे : फरक नाही.

भीमराज फाटकाशी उभा राहून डोकं खाजवत होता. "ताई, राग मानू नका. तुमी घरी नसलाव की गाडी चांगली ऱ्हायली. तुमी आलाव की बिघडती." मी म्हटलं, माझा पायगुणच तसा, सासूबाई गेल्या तरी हेच म्हणत गेल्या. तो हसला नाही. "तसं न्हाई ओ. घरातलं काय तरी हाय," एवढंच म्हणाला आणि स्कूटरवर बसून बराच वेळ स्कूटर चालूच केली नाही.

डॉक्टरांनी काल डिस्चार्ज देताना वही चाळली. सतरा दिवसांत ह्यांच्यापुढे एकच शेरा. म्हणाले, तळेगावचा विचार करायला हरकत नाही. शेखरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकाराची होती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, एक तारखेला तळेगाव. टक टक टक झालं. तीनदा. आज पालीचं डोकं फिरलंय.


शनिवार, २३ ऑगस्ट

गाडी : बंद. हे : फरक नाही.

त्यांचे कपडे धुवून, नावं घालून ठेवले. बालवाडीत मुलांच्या डब्यांच्या पिशव्यांवर घालायचे तशी, लाल दोऱ्याने. दौलतराव. सहा सदऱ्यांवर सहा वेळा.


रविवार, २४ ऑगस्ट

क्रमाने लिहिते, नाहीतर नंतर माझं मलाच खरं वाटायचं नाही.

अकराला शेखर आला. येताना गाडीची दुसरी चावी घेऊन आला, ती त्याच्याकडे थेरगावला असायची. अण्णा गेल्यावर गाडीचं काही करायचं झालं तर दोन्ही एकत्र असाव्यात म्हणून. 'अण्णा गेल्यावर' म्हणजे तळेगावला, असं त्याने घाईघाईने जोडलं.

बाराला भीमराज चार्ज केलेली बॅटरी घेऊन आला. म्हणाला, आज सीटा उचकटून बघतो. त्याने चावी मागितली तेव्हा मी नळीतून भाताची पेज देत होते, हात अडकलेले. मी शेखरला म्हटलं, तुझ्याकडची दे. म्हणजे आज पहिल्यांदा भीमराज गाडीपाशी होता आणि ह्यांची चावी ह्यांच्याच हातात होती.

त्याने कव्हर काढलं, बॅटरी जोडली, मीटर लावला. पाच मिनिटं गेली असतील. मी पेज देता देता ह्यांना म्हणत होते, संपलंच, एवढं घ्या. टक झालं. बाहेरून भीमराज ओरडला, "कोण दाबायलंय चावी?"

शेखर म्हणाला, कोणी नाही, तुझ्याचकडे आहे.

"माझी खिशात हाय! गाडी खुलायली इकडं! दिवे लागायलेत, आरसे उघडायलेत!"

मी म्हटलं, पाल आहे. खरंच म्हटलं तसं. आणि म्हणताना माझी नजर त्यांच्या हातावर गेली. अंगठा चावीच्या बटणावर होता. दाबत होता, सोडत होता.

मी चावी काढून घेतली. "थांबलं," भीमराज म्हणाला. परत दिली. "चालू झालं." काढली. "थांबलं." भीमराज खिडकीच्या गजांपाशी आला. फ्यूज काढून बघतो तेव्हा त्याचा चेहरा असतो तसाच होता.

"सापडलं, ताई," तो म्हणाला. "करंट साहेब खायलेत."

शेखर म्हणाला, ते आपोआप हलतं, डॉक्टर म्हणालेत. भीमराजने मान हलवली. "आपोआप असंल तर सवाल इचारल्यावर थांबायचं न्हाई. इचारून बघा. उलटंसुलटं दोन्हीकडून इचारा, एकाच बाजूनं तपासून कळत नसतंय."

काय विचारायचं? छत्तीस वर्षांचा संसार आणि मला एक प्रश्न सुचेना. म्हटलं, "तुमचं नाव दौलतराव असेल तर एकदा दाबा. नसेल तर दाबू नका."

खिडकीबाहेर गाडीचे पिवळे दिवे लागले.

"तुमचं नाव कोंडाजी आहे का?"

काही नाही. आम्ही तिघंही दिव्यांकडे बघत. काही नाही. अंगठा बटणावर टेकलेला, हलला नाही.

"अण्णा," शेखर म्हणाला, "मी कोण? मी शेखर ना?" दिवे लागले. शेखर होता तिथे फरशीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. भीमराज बाहेर फडक्याने हात पुसत राहिला, मग मीटर तिथेच टाकून निघून गेला.

डॉक्टरांना फोन लावायला शेखर गच्चीवर गेला. मी दार लोटलं आणि कॉटवर बसले.

विचारलं, "जूनपासून हाका मारत होतात?" दिवे.

म्हणजे बॅटरी असेपर्यंत हाका मारायच्या, ती संपली की गप्प पडायचं. गाडीवर कव्हर कोणी घातलं? मी. धूळ बसू नये म्हणून. आणि डॉक्टरांनी सांगितलेली ती दहा मिनिटं, ओळखीचा आवाज ऐकवून चेहऱ्याकडे बघत बसायची ती, त्यांच्या हातातून चावी काढूनच तर ऐकवत होते.

"मी जे जे बोलले ते ऐकलंत?" दिवे.

"चादरीच्या वेळचं?" दिवे.

"तेव्हा टक केलंत ते मला हो म्हणायला?"

वेळ लागला. मला वाटलं, थकले. मग दिवे लागले.

मला लाज वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं, आणि ते हे. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले, पेजेचं भांडं लवंडलं, ते तसंच राहू दिलं. माफी मागितली. ती दिली का, असं नाही विचारलं. हो आलं असतं तरी खरं मानता आलं नसतं, आणि काहीच आलं नसतं तर काय केलं असतं?

डोळे पुसून मग कामाचं विचारलं. "तळेगावला जायचं तुम्हाला?"

दिवे.

भीमराज म्हणाला होता, उलटंसुलटं विचारा. "घरी राहायचं? माझ्याजवळ?"

मी मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजले. अंगठा हलला नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा मोजले. बटणावर अंगठा आहे, डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरतंय, आणि अंगठा हलत नाही. हा माणूस मुद्दाम दाबत नाहीये, हे मला कळत होतं. माझ्या सुजलेल्या मनगटाची पट्टी त्यांच्या तोंडासमोरच होती.


सोमवार, २५ ऑगस्ट

सकाळी शेखरचा फोन. रात्रभर झोपला नसावा, आवाज बसलेला. डॉक्टर स्वतः बुधवारी घरी येऊन बघणार आहेत, अक्षरांचा तक्ता वगैरे काही करता येतं म्हणे. तो त्याबद्दल बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "आई, तळेगावला आज कळवावं लागेल. आता आपण ठरवणं बरोबर नाही. तू अण्णांनाच विचार."

"विचारलं," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"जातो म्हणाले. उलटंसुलटं दोन्हीकडून विचारलं. दोन्हीकडून तेच."

तो मग हळूच म्हणाला, "मग?"

"मग काय. मी त्यांना नाही म्हणाले."